अंबूची तांबडी मोटार

कंग्राळ गल्ली, बेळगाव
१२ नोव्हेंबर १९५७

चि. नागनाथ,

आशीर्वाद. दिवाळीचा फराळ पोचला. चिरोट्यांचा प्रवासात भुगा झाला होता, तानूने तो चमच्याने खाल्ला आणि मामाला सांग म्हणाली, चव शाबूत आहे. आता तुझं बेंगळूर आणि माझं बेळगाव एकाच राज्यात आलं म्हणतात, पण टपालाला आठ दिवस लागायचे ते आठच लागतात.

आता कामाचं. तुला हसू येईल, खुशाल हस. मला अंबूची मोटार परत हवी आहे.

तुझी अक्का जाऊन बारा वर्षं झाली. तिच्या दुखण्यात तिला तुमच्याकडच्या हवेला आणलं होतं, तेव्हाच ती तांबडी एम.जी. मी बेंगळुरात विकली. पेट्रोल मिळत नव्हतं, आणि जिला शेजारी बसवून फिरायचं ती अंथरुणाला खिळली होती. विकताना काही वाटलं नाही. आता वाटतं. सर्व्हिस मोटारींचा, उतारू नेण्याचा धंदा सरकारने घेतल्यापासून मला उद्योग नाही. शेडमधल्या तीन जुन्या गाड्या पुसत बसतो. तानूला आईचा चेहरा नीट आठवत नाही. मला चेहरा आठवतो, पण तिचा आवाज हल्ली सापडत नाही. त्या गाडीत बसलो तर सापडेल असं मनाने घेतलंय.

तू तिथे पत्र्याचं काम करतोस, दलाल तुझ्या ओळखीचे. शोध. मात्र गाडी तीच पाहिजे. आम्हा जुन्या मोटारवाल्यांची रीत तुला ठाऊक आहे. कागदपत्रं कुणाकडे धड नसतात, म्हणून विकणारा स्वतःच्या सहीने पत्र लिहून देतो की ही गाडी मी चालवली आहे, ही खरी आहे. त्या पत्रावर सगळा व्यवहार चालतो. हुबळीच्या विद्याधरपंतांनी नवी बांधलेली गाडी जुनी म्हणून असं पत्र देऊन विकली, तेव्हापासून मी त्यांच्या घरचं पाणीही पीत नाही.

तुझा,
कृष्णाजी

गवीपूर, बेंगळूर
२ डिसेंबर १९५७

ती. स्व. दाजींना नागनाथचा नमस्कार.

हसलो नाही. पत्र वाचून दुकान लवकर बंद केलं आणि कँटोन्मेंटात दलालांकडे जाऊन आलो.

दाजी, बाजाराची गंमत ऐका. गोरे गेले, कॉफीमळेवाले चाललेत, त्यांच्या गाड्या शेडांमधून बाहेर पडतायत. विलायतेहून नव्या यायच्या बंद झाल्या, म्हणून ज्या गाडीत कोंबड्या बसवत होते तिलाही आता गिऱ्हाईक आहे. आणि जिथे गिऱ्हाईक तिथे नकली माल. एका दलालाने मला ‘चौतीस सालची स्पोर्ट्स’ दाखवली. बोटाने टिचकी मारून पाहिली, पत्रा गेल्या पावसाळ्यातला. मी म्हटलं, अण्णा, ही तुमच्या धाकट्या मुलापेक्षा लहान दिसते. तो म्हणाला, सरी सरी, चालायचंच, घेणाऱ्याला कळत नाही ना, मग झालं. घेणारे सगळे साठीच्या पुढचे. तरुणपणी जी गाडी लांबून पाहिली ती आता दारात हवी असते, आणि तोवर डोळे गेलेले असतात.

अक्काच्या गाडीचा माग शेहेचाळीस सालापर्यंत लागतो. पुढे लागत नाही. सोडून द्या असं सांगत नाही, पण फार आस लावून बसू नका.

हेब्बाळ तळ्याच्या रस्त्याला परवा गेलो होतो. अक्का माहेरी आली असताना तिथेच गाडी शिकली. नऊवारीचा काष्टा आवळून बसायची आणि समोरून बैलगाडी आली की डोळे मिटायची. तुम्ही ओरडायचात. मी मागे सायकलवर हसत यायचो.

तानूला आशीर्वाद.

तुमचा,
नागनाथ

बेळगाव
६ फेब्रुवारी १९५८

चि. नागनाथ,

आशीर्वाद. मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पंचवीस तारखेला मिरजेला शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एका डोळ्याची आशा नाही, दुसऱ्यातही पहिल्यासारखं दिसणार नाही. तानू रडली. मी रडलो नाही, पण रात्रीची झोप गेली आहे.

एवढंच विचारायला लिहितो. काही मिळालं का? नसेल तर नाही म्हण, मी काही लहान पोर नाही. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटते, नागनाथ. जी काही दृष्टी उरेल तिने काय बघायचं ते ठरवून टेबलावर पडायचं आहे. निघण्याआधी दोन ओळी आल्या तर बरं.

कृष्णाजी

बेंगळूर
१५ फेब्रुवारी १९५८

ती. स्व. दाजी,

मिळाली. निर्धास्तपणे मिरजेला जा.

येलहंक्याच्या बाहेर एका जुन्या बंगल्यात होती. मालक गोरा, देश सोडून गेला. माळी शेडची किल्ली घेऊन बसला होता. अवस्था वाईट आहे. खालची लाकडं कुजली, इंजिन जाम, पत्रा ठिकठिकाणी खाल्लेला. नंबराची पितळी पट्टी कुणीतरी उचकटून नेली. बराचसा पत्रा नवा घालावा लागेल, इंजिनचे भागही इकडून तिकडून जमवावे लागतील. वर्षभर तरी जाईल. मी स्वतःच्या हाताने करीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

बघायला यायची घाई करू नका. डोळे जपा. गाडी चालवत मीच बेळगावला घेऊन येईन. भागुबाईने बनशंकरीला नवस बोललाय, तुमची सलहज माझं काही ऐकत नाही.

नागनाथ

बेळगाव
२१ मे १९५९

चि. नागनाथ,

अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, सांभाळून घे. एकाच डोळ्याने आणि जाड भिंगाने लिहितो आहे.

दोन दिवस उन्हातून गाडी हाकत आलास, एक रात्र राहिलास, अर्धं जेवलास आणि सकाळच्या आगगाडीने पळालास. दमला होतास म्हणून मी काही बोललो नाही. पण तू गेल्यावर मी काय केलं ते तुला कळवलंच पाहिजे.

मला रंग तांबडा आहे एवढंच दिसतं, बाकी सावल्या. म्हणून हाताने गाडी वाचली. बॉनेट, दाराची कड, चाक. खोटं का बोलू, थोडी शंका होती. पत्रा फारच गुळगुळीत लागत होता, म्हटलं नवा घातलाय म्हणून असेल. मग खाली वाकून पेडलला हात लावला आणि तिथेच बसून राहिलो. क्लचवर तो लाकडी ठोकळा आहे. अंबूचा पाय पोचत नव्हता म्हणून तू पस्तीस साली दोन स्क्रू मारून बसवलेला. साऱ्या जगात दुसऱ्या कुठल्या एम.जी.ला असा ठोकळा असेल? तिच्या पायाने झिजला होता तसाच पुढच्या कडेला उतरता लागतो. माझी सगळी शंका फिटली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर गाडीत बसतो. उजवी जागा तिची, मी डावीकडे. तानू म्हणते बाबांना वेड लागलं. क्लच दाबायच्या आधी अंबू दरवेळी मला विचारायची, “आता?” मी हो म्हटल्याशिवाय कधी दाबला नाही. कित्येक दिवस तो आवाज मला आठवत नव्हता. परवा स्पष्ट ऐकू आला. मी मोठ्याने हो म्हणालो. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं, पाहू देत.

तू माझ्यासाठी जे केलंस ते सख्ख्या भावाने केलं नसतं.

कृष्णाजी

बेंगळूर
४ जून १९५९

ती. स्व. दाजी,

पत्र तीनदा वाचलं. उत्तर लिहायला चार दिवस बसतोय, जमत नाही. अक्का ऐकू येते हे वाचून बरं वाटलं.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका, क्षार बसतो. आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालू करायला कुणाला सांगा. तुम्हाला एक गोष्ट समक्ष सांगायची होती. त्या रात्री तोंडाशी आली होती, राहून गेली. पुढच्या भेटीत सांगेन.

नागनाथ

बेळगाव
९ जानेवारी १९६१

चि. नागनाथ,

आशीर्वाद. अक्षर तानूचं आहे. मला आता लिहिता-वाचता येत नाही, ती वाचते आणि मी सांगतो ते लिहिते. दीड वर्षात तू एकदाही आला नाहीस. दर वेळी कामाचं निमित्त. असो, पत्र्याला काम आहे हे चांगलंच.

जावईबापूंची बदली सोलापूरला झाली, तानू त्यांच्याबरोबर जाणार. मलाही जावं लागेल, एकटा राहण्याजोगा मी राहिलो नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोटार कुठे ठेवणार? बाकीच्या गाड्या गेल्या, त्यांचं काही वाटलं नाही. अंबूच्या गाडीसाठी मुंबईचे दोघे आले होते, मी दिली नाही. ती म्हैसूरच्या नरसिंहरावांना द्यायचं ठरवलं आहे. माणूस पंच्याहत्तरीचा, पण सज्जन. अशा खऱ्या एम.जी.साठी वीस वर्षं थांबलेत. ही घेता यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या दोन गाड्या काढल्या.

आपल्या रीतीप्रमाणे मी त्यांना पत्र दिलं आहे. त्यात लिहिलं की ही मोटार मी नऊ वर्षं चालवली, माझ्या पत्नीने चालवली, तिच्या पायासाठी बसवलेला ठोकळा अजून जागेवर आहे आणि माझ्या इमानाची शपथ घेऊन सांगतो की ही तीच आहे. नरसिंहराव ते पत्र चारचौघांना वाचून दाखवतात असं कळलं. पुढच्या महिन्यात गाडी नेतील.

पन्नास वर्षं मोटारीत घालवली, पण माझ्या शब्दाला कधी डाग लागला नाही. हे शेवटचं पत्र अंबूच्या गाडीसाठी लिहावं लागलं, याचं समाधान आहे.

कृष्णाजी

बेंगळूर
१८ जानेवारी १९६१

ती. स्व. दाजी,

हे पत्र तानू वाचून दाखवील. तानू, बाळ, मध्ये थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच.

दाजी, ती गाडी अक्काची नाही. ती मी बांधली आहे.

खरी गाडी कुठे गेली ते मला पहिल्यापासून माहीत होतं. अक्का गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी, शेहेचाळीसच्या श्रावणात, एक बेकरीवाला ती माझ्याच दुकानात घेऊन आला. मागचा भाग कापून पाव न्यायची पेटी बसवायची होती. लढाई संपली होती, लष्कराचं काम बंद पडलं होतं, दुकानात दोन महिने हातोडा वाजला नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर त्याने समोरच्याकडे नेली असती, असं मी पंधरा वर्षं स्वतःला सांगतोय. पण त्याला दोन दिवस थांबवून तुम्हाला तार करता आली असती. तुम्ही धावत आला असता, गाडी सोडवली असती. माझं काम गेलं असतं. म्हणून तार केली नाही. करवत मीच चालवली. ठोकळा त्याच्या पायात येत होता, तोही त्याने काढायला सांगितला. मी काढला. तो त्या दिवशी आमच्या चुलीत गेला. पुढे तीन वर्षांनी ती पावाची गाडीही मोडीत निघाली.

तुमचं पत्र आलं तेव्हा ठरवलं, आपण तशीच एक बांधायची आणि सरळ सांगायचं, दाजी, तुमची गाडी मी कापली, ही घ्या त्याबद्दल. एवढंच मनात होतं, देवाशपथ. पण तुम्ही मिरजेला निघालात. भीती वाटते असं तुम्ही लिहिलंत. उभ्या आयुष्यात तुमच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. मी लिहून बसलो, मिळाली. तेवढ्या एका शब्दाने सगळं फिरलं.

मोडीतल्या एका मॉरिसची चॅसी घेतली. चौदा महिने तुमच्या लग्नानंतरचे गाडीतले फोटो समोर ठेवून पत्रा ठोकला. दुकानातली गिऱ्हाइकं परत पाठवली. भागुबाई विचारायची, एवढं काय आहे? तिलाही सांगितलं नाही. ठोकळा लावला नसता तर कदाचित तुम्ही तेव्हाच ओळखलं असतं. पण अक्काचा पाय पोचणार नाही अशी गाडी माझ्या हातून पुरी होईना. म्हणून जांभळाचा तुकडा घेऊन कानशीने घासून झिजल्यासारखा केला. तुम्हाला फसवायला नाही केला, दाजी. पण फसवणूक त्यानेच झाली.

बेळगावला त्या रात्री सांगणार होतो. तुम्ही ताटावर बसून चाचपडत माझ्या हाताला हात लावलात. मग नाही जमलं. नंतर तुमचं पत्र आलं, अक्का बोलते म्हणून. ते वाचल्यावर मी ठरवलं, मेलो तरी सांगायचं नाही.

पण नरसिंहरावांना पत्र गेलं. विद्याधरपंतांचं तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे. तसं कुणी तुम्हाला म्हणू नये. गाडी न्यायच्या आधी त्यांना कळवा. दोष माझा आहे, माझं नाव घाला. मला जे वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन. फक्त उत्तर द्या.

नागनाथ

बेळगाव
२४ मार्च १९६१

चि. नागनाथ,

दोन महिने उत्तर दिलं नाही. देऊ शकलो नाही.

तानूने तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं, मग आत गेली. तिसऱ्या दिवशी मी तिला लिहायला बसवलं. नरसिंहरावांना सगळं कळवलं आणि माझं पत्र परत मागितलं. हुबळीलाही एक पत्र टाकलं. विद्याधरपंतांना लिहिलं की ज्या कारणासाठी मी तुमच्या घरचं पाणी सोडलं तेच माझ्या शेडमध्ये उभं आहे, क्षमा असावी. त्यांचं उत्तर नाही. येणारही नाही.

नरसिंहराव मात्र स्वतः आले. त्यांनाही आता फारसं दिसत नाही. दोन आंधळे गाडीभोवती हात फिरवत फिरलो. ते म्हणाले, काम उत्तम आहे, या वयात खरीची वाट बघत बसायला मला सवड नाही, नकली म्हणूनच नेतो. नवं पत्र मागितलं. मी लिहून दिलं: ही मोटार बेंगळूरच्या नागनाथने बांधली, मूळची एम.जी. नाही, माझ्या पत्नीचा हिच्याशी संबंध नाही. ते शेवटचं वाक्य तानूने लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मी खाली अंगठ्यासारखी सही केली. गाडी गेल्या सोमवारी गेली.

तुझ्या करवतीचा मला राग नाही. पोटासाठी माणूस काय काय कापतो, मीही माझ्या ड्रायव्हरांचे पगार कापले होते. गाडी बांधलीस त्याचाही नाही. चौदा महिने कुणी कुणासाठी खपत नाही. पण मी तिथे बसतो, तिच्याशी बोलतो, असं तुला लिहून कळवलं, तेव्हा तू गप्प राहिलास. दीड वर्ष मी रोज एका अशा गाडीत बसून बायकोला हो म्हणत होतो जिच्यात ती कधी बसली नव्हती. मग “आता?” असं कोण विचारत होतं, नागनाथ? मी रोज स्वतःला हे विचारतो. तुझं पत्र वाचल्यापासून तो आवाज पुन्हा आलेला नाही. गाडीत बसून पाहिलं, अंथरुणात पाहिलं, तिचं नाव घेऊन पाहिलं. नाही येत.

तू सांगितलंस म्हणून माझा शब्द राहिला. ते बरोबरच केलंस, मीही तेच केलं असतं. पण अंबू माझी दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मला तिच्या उशाशी बसताही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सोलापूरला निघतो. तिच्या तिथीला यंदा येऊ नकोस. मला तुझा चेहरा दिसणार नाही हे खरं, पण तू समोर बसला आहेस हे कळेल, आणि ते अजून सोसवणार नाही. पुढच्या वर्षी मी असलो तर ये. नसलो तर तानूला भेट. तिच्याकडे आईच्या आठवणी अगदी थोड्या आहेत, तुझ्याकडे पुष्कळ आहेत. त्या तिला सांग. खऱ्या तेवढ्याच सांग.

कृष्णाजी